आतली यादी बाहेर कशाला?

गेल्या शनिवारी काही लिहिलं नाही, कारण मालवणला घरी गेलो होतो. आज लिहितोय ते त्याच भेटीबद्दल, पण समुद्र, सोलकढी आणि सूर्यास्त यातलं काही मिळणार नाही. विषय जावाचा आहे. ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही त्यांनीही पहिले पाच-सहा परिच्छेद वाचायला हरकत नाही, कारण त्यात एका माणसाचे पैसे बुडतात आणि ते माझ्यामुळे बुडतात.

तर झालं असं. माझे काका मालवणजवळच्या एका रापणीचा हिशोब बघतात. रापण म्हणजे काय ते घाटावरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल सोडत नेतात. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन्हीकडून माणसं ओढत ओढत ते जाळं वाळूवर आणतात. तारली, बांगडे, पेडवे, जे लागेल ते. मासळी विकली जाते, खर्च वजा होतो आणि उरलेल्या पैशांचे वाटे पडतात. वाट्यांचे नियम ज्या त्या रापणीचे. आमच्या काकांच्या रापणीत ओढायला आलेल्याला एक वाटा, आणि ज्याच्या जाळ्याचा तुकडा रापणीत आहे त्याला जाळ्याचा वेगळा वाटा. म्हणजे एकाच माणसाचे दोन-तीन वाटे असू शकतात. आणि माणूस आजारी पडून घरी असला तरी त्याचं जाळं पाण्यात असतंच, त्यामुळे जाळ्याचा वाटा त्याला मिळतोच.

काका हे सगळं वहीत लिहायचे. मला राहवलं नाही. इंजिनीयर पुतण्या असल्यावर वही कशाला? ऑफिसमधल्या एका मित्राला हाताशी धरून दोन शनिवार-रविवारांत फोनवर चालेल असं छोटं ॲप केलं. त्यात 'रापण' नावाचा क्लास, त्याच्या पोटात सभासदांची अरेलिस्ट, आणि ती यादी बाहेर देणारा एक गेटर. आयडीईमध्ये राइट क्लिक केलं की तयार होऊन मिळतो तोच. तुम्हीही आयुष्यात असे हजारभर केले असतील.

पहिल्याच दिवशी काकांनी चूक पकडली. समजा वाटायला १२,००० रुपये आहेत, माणसं २० आणि वाटे २४. वाटपाच्या कोडने यादीचा साइज घेतला आणि प्रत्येकाला ६०० रुपये दाखवले. खरं तर एका वाट्याला ५०० आणि दोन वाटेवाल्याला १,००० व्हायला हवेत. काका म्हणाले, "झिला, तुझो प्रोग्राम माणसा मोजता, वाटे इसारता." मी हसलो, "काका, पाच मिनिटांत करतो," म्हणालो, आणि केलंही. जिथे जिथे यादीवर लूप होता तिथे आत आणखी एक लूप टाकला. वाटपात टाकला, पावतीत टाकला, महिन्याच्या गोषवाऱ्यात टाकला. तीन ठिकाणी तोच नियम तीनदा लिहिला. तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं, पण पाच मिनिटं म्हटलं होतं ना!

मग मित्राने हजेरीचा स्क्रीन लिहिला. आज आलेलीच माणसं दाखवायची होती, म्हणून त्याने गेटरने यादी मागितली आणि गैरहजर असलेले त्यातून काढून टाकले. रिमूव्ह-इफ, एक ओळ. त्याला वाटलं, मिळाली ती आपली प्रत आहे. प्रत कुठली? ती रापणीच्या पोटातलीच यादी होती. त्यानंतर वाटप झालं तेव्हा गैरहजर माणसं जगातच नव्हती. एक म्हातारे सभासद तापाने घरी होते, त्यांचं जाळं पाण्यात होतं, आणि त्यांच्या नावावर पडलं शून्य. त्यांचे पैसे बाकीच्यांत वाटले गेले. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं की फाइलमधून सगळी यादी पुन्हा भरायची, नावं सगळी जागेवर, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळायचं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

त्या म्हाताऱ्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांना वाटलं, आपण ओढायला येत नाही म्हणून मंडळींनी आपला वाटा बंद केला. मला कळलं कसं, तर काकांनी वही सोडलेलीच नव्हती. ॲपवर त्यांचा विश्वास नव्हता आणि तो नव्हता हे फार बरं झालं. पैसे मी भरले, पण पैशाचा प्रश्न नाही. दोन दिवस एक माणूस ज्यांच्याबरोबर जन्मभर दोर ओढला त्यांनी आपल्याला काढलं असं समजून घरी पडून होता. हे माझ्या एका गेटरचं कर्तृत्व.

मित्राला मी काही बोललो नाही. बोलणार काय? दार मी उघडं ठेवलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या क्लासच्या पोटातला संग्रह गेटरने बाहेर देणं ही सवय वाईट आहे, आणि आपण सगळे ती डोळे झाकून पाळतो. बाहेरच्याला बहुतेक वेळा यादी नकोच असते. त्याला यादीतल्या गोष्टी एकेक करून हव्या असतात. मग तेवढंच द्या ना! आपला क्लास इटरेबल करा. जावात त्यासाठी एकच मेथड लिहावी लागते, इटरेटर नावाची. ती एक छोटा ऑब्जेक्ट परत देते, ज्याला दोन प्रश्न विचारता येतात: अजून आहे का (हॅजनेक्स्ट) आणि असेल तर पुढचा दे (नेक्स्ट). एवढं केलं की तुमचा 'रापण' हा क्लास सरळ फॉर-ईच लूपमध्ये बसतो. आत अरेलिस्ट आहे, मॅप आहे की डेटाबेस, हे बाहेरच्याला कळायचं कारण उरत नाही.

यात नवीन काही नाही. बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात एमआयटीत सीएलयू ही भाषा केली, तिच्यात इटरेटर होते आणि 'यील्ड' हा शब्दही होता. लिस्कोव्हबाईंना २००८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. १९९४ साली डिझाइन पॅटर्न्सचं ते चौघांचं प्रसिद्ध पुस्तक आलं, त्यात इटरेटर पॅटर्न आहे. जावात सुरुवातीला एन्युमरेशन होतं, १९९८ मध्ये इटरेटर आला आणि २००४ च्या जावा ५ मध्ये इटरेबल आणि फॉर-ईच लूप. पायथनमध्ये २००१ साली आलं. सी शार्पमध्ये फॉर-ईच पहिल्यापासून, म्हणजे २००२ पासून, आणि यील्ड २००५ पासून. म्हणजे हिंजवडीत आज बसलेल्या बहुतेकांनी नोकरीला लागण्याआधीच हे सगळं हाताशी तयार होतं.

आणि तरी? इंटरव्ह्यूला इटरेटर पॅटर्नची व्याख्या विचारतात, पोरं घडाघडा म्हणून दाखवतात, नोकरी लागते, आणि सोमवारी सकाळी पहिलं काम काय, तर राइट क्लिक, जनरेट गेटर्स अँड सेटर्स. मीही त्यातलाच. एन्कॅप्सुलेशन म्हणजे व्हेरिएबल प्रायव्हेट करून त्याला पब्लिक गेटर लावणं, असं आपल्याला कॉलेजात कोणी तरी शिकवलं आणि आपण ते आजपर्यंत धरून बसलोय. घराला कुलूप लावायचं आणि किल्ली दारालाच अडकवून ठेवायची!

"अरे पण रीड-ओन्ली यादी दे की," हा पहिला आक्षेप. मलाही आधी तोच उपाय सुचला होता. न बदलता येणारी यादी दिली असती तर मित्राची ती एक ओळ तिथल्या तिथे एक्सेप्शन टाकून आपटली असती आणि म्हाताऱ्यांचे पैसे वाचले असते, हे खरं आहे. ज्यांना बाकी काही करायचं नाही त्यांनी निदान एवढं तरी करा. पण काकांनी पहिल्या दिवशी पकडलेली चूक याने सुटत नाही. रीड-ओन्ली यादीलाही साइज असतोच आणि तो साइज माणसांचाच असतो. मागणारा पुन्हा वाट्यांचा लूप स्वतः लिहिणार, चौथ्या ठिकाणी, चौथ्या पद्धतीने.

माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. इटरेटर लिहायला बसलं की एक प्रश्न टाळता येत नाही: नेक्स्ट म्हटल्यावर काय द्यायचं? या संग्रहात 'एक' म्हणजे काय? एक माणूस की एक वाटा? गेटर लिहिताना हा प्रश्न मला पडलाच नाही. तो मी वापरणाऱ्यावर ढकलला आणि प्रत्येकाने आपापलं उत्तर काढलं. नवीन कोडमध्ये मी 'रापण' क्लासला दोन वेगळ्या वाटा दिल्या आहेत. सभासद हवे असतील तर सभासदांवरून फिरा, आणि पैसे वाटायचे असतील तर वाट्यांवरून फिरा. वाट्यांचा इटरेटर एकेक सभासद घेतो, त्याच्या जाळ्याचे वाटे आधी देतो, आणि तो त्या दिवशी हजर असेल तरच ओढण्याचा वाटा देतो. आजारी माणसाचा नियम आता एकाच ठिकाणी आहे. वाटप, पावती, गोषवारा, तिघंही तिथूनच घेतात. उद्या रापणीच्या मंडळींनी नियम बदलला तर एक जागा बदलायची.

दुसरा आक्षेप, "एवढ्यासाठी किती ओळी लिहायच्या?" जावात यील्ड नाही, त्यामुळे सध्या कोणत्या सभासदावर आहोत आणि त्याचा कितवा वाटा चालू आहे हे स्वतः लक्षात ठेवावं लागतं, हे मान्य. माझ्या वीसेक ओळी झाल्या. पायथन किंवा सी शार्पमध्ये याच्या चार-पाच ओळी होतात, कारण यील्ड म्हटलं की कुठे थांबलो होतो ते भाषाच लक्षात ठेवते. पण मी गेटरच्या नादाने जे तीन लूप तीन ठिकाणी लिहिले होते ते मोजले तर वीसपेक्षा जास्तच होते.

तिसरा आक्षेप नव्या दमाच्या लोकांचा. "जावा ८ पासून स्ट्रीम आहेत, इटरेटर म्हणजे जुनं प्रकरण." स्ट्रीम मलाही आवडतात, आणि वरचा वाट्यांचा इटरेटर आतून स्ट्रीमने केला तर आणखी छोटा होतो. पण स्ट्रीम एकदाच वापरता येतो. दुसऱ्यांदा वापरायला गेलात की एक्सेप्शन. इटरेबलचं वचन वेगळं आहे: जितक्यांदा मागाल तितक्यांदा नवा फिरणारा मिळेल, पहिल्यापासून सुरू करणारा. तेव्हा आत स्ट्रीम वापरा, बाहेरच्याला मात्र हे वचन द्या.

आणि एक आक्षेप मला पटतो, तोही सांगून टाकतो. नुसती माहिती इकडून तिकडे नेणारा क्लास असेल, ज्याला स्वतःचा काहीही नियम नाही, तर त्याची यादी देऊन मोकळं व्हा. प्रत करून द्या म्हणजे झालं. प्रत्येक डब्याला पहारेकरी बसवायची गरज नाही. पण ज्या क्लासला गावातल्या एखाद्या गोष्टीचं नाव दिलंय, रापण, सोसायटी, भिशी, त्याला बहुतेक वेळा नियम असतोच.

आता ज्यांना पटलंय त्यांच्यासाठी माझ्या तीन चुका, म्हणजे तुम्ही त्या करणार नाही.

पहिली. मी आळस करून रापण क्लासलाच इटरेबल आणि इटरेटर दोन्ही केलं आणि इटरेटर मागितला की स्वतःलाच परत दिलं. एका लूपमध्ये छान चाललं. मग एकाच नावाचे दोन सभासद आहेत का ते बघायला लुपात लूप लिहिला, आणि बाहेरचा लूप एकदाच फिरून थांबला. साहजिकच आहे, दोन्ही लूप एकच बोट धरून चालले होते. आतल्याने ते शेवटपर्यंत नेलं, मग बाहेरच्याला उरलं काय? दर वेळी नवा इटरेटर द्यायचा, त्याची जागा त्याच्याजवळ.

दुसरी. हॅजनेक्स्टमध्येच मी पुढे सरकत होतो. हॅजनेक्स्ट हा नुसता प्रश्न आहे, दहा वेळा विचारला तरी काही हलता कामा नये. मी लॉग छापायला तो एकदा जास्त विचारला आणि एकाआड एक वाटे गायब झाले.

तिसरी. संपल्यावर नेक्स्ट मागितला तर मी नल परत देत होतो. तसं करायचं नाही, एक्सेप्शन टाकायचं. नल देणं म्हणजे संपलंय हे न सांगता रिकामी टोपली हातात देणं. ती टोपली घेऊन माणूस बाजारात पोचतो आणि मग तिथे फजिती होते.

इथेच संपवणार होतो, पण पावती छापताना याच प्रश्नाची आणखी एक बाजू सापडली, आणि ती आपल्या मराठी लोकांच्या जास्त जवळची आहे. पावतीवर सभासदाच्या नावाचं पहिलं अक्षर मोठ्या टायपात छापायचं होतं. 'श्री'पासून नाव असलेल्याच्या पावतीवर नुसता 'श' आला. 'क्ष'वाल्याचा 'क' झाला. म्हटलं हे काय? मग 'सिंधुदुर्ग' हा शब्द जावाला दिला आणि लांबी विचारली. उत्तर १०. स, वेलांटी, अनुस्वार, ध, उकार, द, उकार, र, हलन्ताची खूण, ग. मोजा हवं तर. माझ्या चुलत बहिणीची मुलगी दुसरीत आहे, तिला विचारलं तर ती बोटांवर मोजून चार म्हणाली: सिं, धु, दु, र्ग. वेंगुर्ल्याचं तेच. 'वेंगुर्ला' जावात ९, दुसरीतल्या पोरीला तीन.

स्ट्रिंग हाही एक संग्रहच आहे की! आणि जावाचा स्ट्रिंग काय करतो? माझ्या गेटरने जे केलं तेच. पोटात जे तुकडे ठेवलेत तेच उचलून बाहेर देतो आणि त्यालाच कॅरॅक्टर म्हणतो. पायथनही तुकडेच देतो, फक्त थोडे वेगळ्या हिशोबाचे. स्विफ्टने मात्र ठरवलं की स्ट्रिंगमधला 'एक' म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारं अक्षर, आणि त्याचा लूप तसाच फिरतो. पण अक्षर म्हणजे काय याचा युनिकोडचा नियमसुद्धा बरीच वर्षं आपल्या जोडाक्षरांच्या बाबतीत अपुरा होता. त्या नियमाने 'र्ग' मधोमध तुटायचा आणि सिंधुदुर्गची पाच अक्षरं व्हायची. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम २०२३ मध्ये, युनिकोड १५.१ मध्ये आला. म्हणजे २०२३ मध्ये कुठे संगणकाचं उत्तर दुसरीतल्या पोरीशी जुळलं, आणि तेही तुमच्या भाषेची लायब्ररी तितकी नवी असेल तर.

म्हणून नावाचा फॉर्म कापतो, आडनाव अर्धवट छापलं जातं, एसएमएसमध्ये शेवटचं अक्षर तुटतं, त्या प्रत्येक वेळी 'मराठीचा सपोर्ट नाही' म्हणून हात झटकू नका. बहुतेक वेळा फॉन्ट असतो, युनिकोड असतो, सगळं असतं. कोणी तरी आतले तुकडे बाहेर दिलेले असतात आणि दुसऱ्या कोणी तरी तेच अक्षर समजून मोजलेले असतात. मी पावतीसाठी शेवटी 'अक्षरं' नावाचा छोटा इटरेबल क्लास केला. आत तुकडे, बाहेर अक्षर. आता 'श्री' पूर्ण छापला जातो.

तर मंडळी, सोमवारी ऑफिसात गेलात की एक करा. तुमच्या प्रोजेक्टमध्ये यादी परत देणारे गेटर शोधा, आणि प्रत्येक गेटर वापरणारे लोक त्या यादीचं पुढे काय करतात ते बघा. दोन ठिकाणी एकाच तऱ्हेचा लूप दिसला की समजा, तो लूप त्या क्लासच्या आत असायला हवा होता. आणि कोणी त्या यादीतून काही काढताना दिसला तर आजच मला आठवा, उद्यापर्यंत थांबू नका.

काकांना नवीन ॲप दाखवलं. त्यांनी वहीतले मागचे पाच दिवस त्यात भरायला लावले, एकेक आकडा वहीशी ताडून पाहिला, त्या म्हाताऱ्यांचा वाटा दोनदा तपासला. सगळं जुळलं. मग फोन खिशात ठेवला आणि वही उघडून आजची तारीख घातली. मी म्हटलं, "काका, आता वही कशाला?" तर म्हणाले, "असांदे रे."

असूदे. मलाही तेच बरं वाटतं.